नव्या सायकलचे टायर

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या घरी नवी सायकल आली. थोरली मुलगी आठवीला गेली आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे तिला पावणेपाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाणे भाग होते. गावाला गाडी येते, पण तिची वेळ आणि शाळेची घंटा यांचा मेळ बसत नाही. मी पतसंस्थेत कारकून. माझी कामाची वेळ निराळी, दिशा निराळी. शिवाय संध्याकाळी कोणाच्या जातीच्या दाखल्याचे काम, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाच्या घरातले भांडण, असे काही ना काही निघतेच. घरी यायला रात्र होते. तेव्हा सायकलवाचून इलाज नव्हता. पगारावर उचल घेतली, सहा हजार आठशे रुपये मोजले आणि सायकल दारात उभी केली.

हल्ली मुले जिला रेंजर म्हणतात तसली ती सायकल. सरळ हँडल, रुंद चाके आणि टायरवर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासारखी उंच उंच बटणे. वस्तीतली पोरे भोवती जमली. माझे चुलते काठी टेकत आले, टायरवर बोट दाबून पाहिले आणि म्हणाले, "एवढे जाड कशाला रे? पोरगी सायकल हाणणार का नांगर?" शेजारच्या तरुणाचे म्हणणे, जाड आहेत तेच बरे, आपल्याकडच्या काट्यांना असलेच पाहिजेत. मला शेजाऱ्याचे पटले. पैसे देऊन झाल्यावर माणसाला जे सोयीचे असते तेच पटते.

पहिल्या बारा दिवसांत सायकल तीनदा पंक्चर झाली.

पहिल्या दोन वेळा शाळेजवळच्या एका पोराकडून ठिगळ लावून घेतले आणि ती घरी आली. तिसऱ्या वेळी शाळा सुटल्यावर परतीच्या वाटेवर मागचे चाक बसले. वरून पाऊस. तीन किलोमीटर सायकल ढकलत ती घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. तिची आई फाट्यावर जाऊन उभी राहिली होती. मी आलो तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. जेवणे झाल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, त्या सायकलचं काय करायचं ते करा, नाही तर पोरीला लातूरला माझ्या बहिणीकडं ठेवा. रोज असं वाटंकडं डोळे लावून बसणं मला व्हायचं नाही."

मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग घेऊन पडली होती. मला माझ्या भाचीची आठवण झाली. भाची अभ्यासात चांगली होती. तिलाही सायकल होती. ती वरचेवर पंक्चर व्हायची, मग आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडायची, मग सायकल पडवीत उभी राहिली ती राहिलीच. दहावीची परीक्षा कशीबशी दिली, कॉलेज दूर म्हणून नाव घातले नाही, आणि दुसऱ्या वर्षी लग्नपत्रिका आमच्या हातात पडली. मुलींना शिकवा म्हणून गावोगाव भाषणे करणारा मी तिचा मामा. त्या वेळी तिच्या सायकलचे चाक एकदाही हातात धरून पाहिले नव्हते.

त्याच रात्री मी ठरवले, टायर बदलायचे.

ऑफिसात विषय काढला तर सगळे तज्ज्ञ निघाले. एक जण म्हणाला, कमी किमतीच्या सायकलला येणारे टायर नावालाच असतात, सायकल घरी आणली की पहिल्याच दिवशी ते काढून चांगले बसवावेत. दुसरा म्हणाला, बटणाचा टायर डांबरी रस्त्यावर जड जातो, बारीक नक्षीचा घाला. हे दोघेही मोटारसायकलवर येणारे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. कामानिमित्त सोलापूरला जाणे झाले तेव्हा एका दुकानात "सव्वीस इंची टायर द्या, रोडचे" एवढेच सांगून सातशे साठ रुपयांची जोडी घेऊन आलो. रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरून आम्ही बापलेक बसलो. नवा टायर रिमवर चढवला तो काही केल्या बसेना. बापाचा सदरा पोराच्या अंगात घालावा तसा तो चाकावर ढिला लोंबत राहिला. तोवर त्याला अंगणातली माती लागली होती. दुकानदाराने फोनवर परत घेण्यास साफ नकार दिला.

चूक माझीच होती, आणि ती इतर कोणी करू नये म्हणून सविस्तर सांगतो. टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात. आमच्या सायकलच्या टायरवर २६×२.१२५ असे होते. मी आणलेल्या टायरवर २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश. दोन्ही सव्वीसचेच, म्हणून मला ते एक वाटले. पण टायर रिमच्या ज्या कडेवर बसतो तिचा व्यास एकाचा ५५९ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५९० मिलिमीटर. म्हणजे एकतीस मिलिमीटरचा, सव्वा इंचाचा फरक. बऱ्याच टायरवर त्या मोठ्या आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात ५७-५५९ किंवा ३७-५९० अशी जोडी छापलेली असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा तो व्यास. रुंदीत थोडे उन्नीस-बीस चालते. दुसऱ्या आकड्यात एक मिलिमीटरही चालत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीच्या काळ्या सायकलींना अठ्ठावीस गुणिले दीडचे टायर असत, त्यांचा हा आकडा ६३५. बी. कॉम. झालेला माणूस, दिवसभर व्हाउचरवरचे आकडे तपासतो, आणि सातशे साठ रुपयांच्या मालावरचा आकडा वाचत नाही. मुलगी काही बोलली नाही. फक्त हसू दाबायला तिने तोंड फिरवले. ती जोडी मी घरात खिळ्याला टांगून ठेवली.

मग सायकल घेऊन फाट्यावरच्या चाचांकडे गेलो. खरे तर आधीच जायला हवे होते. लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचे शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याने भरलेले घमेले आणि जुन्या टायरांची रास, एवढे त्यांचे दुकान. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पंक्चर टायर होतो का ट्यूब?"

"ट्यूब."

"मग टायरला फाशी कशाला देयलाव? आधी ट्यूबला विचारा की तिला कुणी मारलं."

त्यांनी मागच्या चाकाचा टायर सोडवला. ट्यूब बाहेर काढण्याआधी व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे टायरवर खडूने खूण केली. मग ट्यूब हवा भरून घमेल्यात फिरवली आणि आधीची दोन ठिगळे आणि तिसरे नवे भोक यांच्यावर बोट ठेवून मुलीला दाखवले. "बघ बेटा, ही दोन ठिगळं कुणीकडच्या अंगाला आहेत?" दोन्ही आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला होती. काटा रस्त्यावरून येतो. तो टायरमधून शिरून ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला लागेल. आतल्या अंगाला भोक असेल तर मारेकरी घरातलाच. त्यांनी रिमच्या आतून बोट फिरवले. स्पोकच्या टोकांवर झाकण म्हणून जी रबरी रिमपट्टी असते ती एका बाजूला सरकली होती. सायकल जोडणाऱ्याने ती घाईत बसवली असावी. तीन-चार स्पोकची टोके उघडी होती, आणि त्यातले एक चांगलेच वर आले होते. हवा भरली की ट्यूब त्या टोकांवर दाबली जायची.

तिसऱ्या वेळची गोष्ट निराळी होती. तिथे शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या, साप चावल्यावर दोन दात उठतात तशा. चाचा म्हणाले, "हे हवा कमी असल्याचं. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटलं, ट्यूब रिम आणि दगडाच्या मधी सापडली." म्हणजे तीनपैकी एकही पंक्चर टायरच्या दोषाने झाले नव्हते. मी साडेतीनशे काय आणि हजाराचा टायर घातला असता तरी पोरगी पुन्हा तीन किलोमीटर सायकल ढकलतच आली असती.

चाचांनी वर आलेले टोक कानशीने घासले, जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून दोन्ही रिमांवर ताणून बसवली, चिरांवर ठिगळ लावले. ऐंशी रुपये झाले. वर मुलीला हाताने टायर चढवायला लावला. पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून टायर चढवताना ट्यूब चिमटते, हे त्या दिवशी मलाही समजले.

घरी येताना मनात आले, हवेचा टायर जन्माला आला तोच मुळी एका बापाच्या खटपटीतून. जॉन बॉइड डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राहणारा. त्याच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला घट्ट रबराची चाके होती आणि दगडी रस्त्यावर ती दणके द्यायची. म्हणून त्याने १८८८ साली रबराची नळी करून, तीत हवा भरून ती चाकाला बांधली. त्याच्याही चाळीस वर्षे आधी रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने हीच कल्पना काढून पेटंट घेतले होते, म्हणून डनलॉपचे पेटंट पुढे टिकले नाही. पण नाव त्याचेच राहिले. आजही आपल्या साध्या सायकलला जो बारीक रबरी नळीचा व्हॉल्व्ह असतो त्याला जगात डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. सगळा खेळ हवेचा. रबर हे तिचे नुसते भांडे.

म्हणून सर्वांत आधी पंप घेतला. आमच्या टायरवर ४० ते ६५ पी. एस. आय. असे छापलेले आहे. त्या व्हॉल्व्हला मोटारसायकलचे मीटर लागत नाही, तेव्हा चाचांनी अंगठ्याची परीक्षा शिकवली. अंगठा जोर लावून दाबला तर टायर जरासा दबावा, आणि ती दप्तरासकट सायकलवर बसली की खालच्या बाजूला थोडा फुगावा, पसरू नये. रुंद टायरला पंपाचे हात जास्त मारावे लागतात, पण दर रविवारी ती स्वतः हवा भरू लागली. हवा जाते असे वाटले तर व्हॉल्व्हवर थुंकीचे बोट लावायचे. बुडबुडा आला तर पाच रुपयांची रबरी नळी बदलायची. पहिल्या आठवड्यातच ती म्हणाली, "पप्पा, सायकल हलकी झाली." सायकल तीच, टायर तेच.

एवढ्यावर प्रश्न मिटला असे मात्र नाही. बटणाचा टायर ठेवायचा की नाही, हे कोडे पावसाने पुन्हा पुढे आणले. आमच्या गावापासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर काळ्या रानातला रस्ता आहे. काळ्या मातीचा चिखल ज्याने अनुभवला नाही त्याला सांगून कळायचे नाही. तो चाकाला नुसता लागत नाही, तो चाकाबरोबर वर येतो, मडगार्डात जाऊन बसतो आणि चाक जागेवर थांबवतो. बटणांच्या खाचा त्याला धरून ठेवतात, हे खरे. पण गुळगुळीत टायर त्याच चिखलात घसरतो आणि मुलगी दप्तरासकट खाली. चुलत्यांचे म्हणणे बरोबर का शेजाऱ्याचे, याचा निकाल लागेना. शेवटी तिने बाभळीची एक चपटी काडी कॅरिअरला अडकवली. चाक अडले की उतरायचे, काडीने चिखल खरवडायचा, पुढे जायचे. फारच राडा असेल त्या दिवशी दीड किलोमीटर चालत जाऊन सायकल चाचांकडे ठेवायची पद्धत सुरू केली. कोणताही टायर घातला असता तरी हे करावेच लागले असते.

फाट्यापुढे डांबरी. तिथे बटणे भुंग्यासारखी घुंगावतात आणि पायाला थोडा भार पडतो. मी वहीत हिशोब मांडला. कॉस्टिंगचा पेपर मी दोनदा देऊन पास झालो होतो, तो इथे उपयोगी पडला. रोजचे जाणे-येणे साडेनऊ किलोमीटर. त्यात कच्चा रस्ता तीन, डांबरी साडेसहा. शाळेचे दोनशे वीस दिवस धरले तर वर्षाला दोन हजार नव्वद किलोमीटर. त्यातले चौदाशे तीस डांबरी. चिखलाचे दिवस फार तर दोन महिने, तेही पाऊस पडला तर; आमच्या भागात त्याचा भरवसा नाही. या आकड्यांवरून बारीक नक्षीचा टायरच योग्य ठरतो. पण चांगले, न झिजलेले टायर काढून ठेवून आठशे-नऊशे रुपयांची नवी जोडी घालणे कोणत्या हिशोबात बसते? त्या पैशांत पत्नीचा चष्मा होणार होता, जो ती दिवाळीपासून पुढे ढकलत होती. शिवाय चाचांनी एक गोष्ट सांगितली, ती मला कोणत्याच जाणकाराने सांगितली नव्हती. डांबरावर चालून चालून मधली बटणे आपोआप झिजतात, आणि वर्षभरात तोच टायर मधून रोडचा होतो. कडेची बटणे राहतात, ती चिखलाला कामी येतात.

चष्मा झाला. टायर राहिले.

काढून ठेवलेल्या टायरांची एक जुनी गोष्ट आमच्या घरात आहे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचे. १९९० साली त्यांनी नवी काळी सायकल घेतली. दुसऱ्याच दिवशी तिचे कोरे टायर उतरवले आणि आधीच्या सायकलचे झिजलेले टायर तिला चढवले. नवे टायर आतल्या खोलीत, चुलीच्या वरच्या बाजूला एका खिळ्याला टांगले. "हे पुरतील तेवढे पुरू द्या, नवे कामाच्या वेळेला हायेत," असे म्हणायचे. आई चेष्टा करायची की पोराच्या लग्नात काढा आता. नवी वस्तू आपल्या अंगावर शोभेल का, ही त्या पिढीची धाकधूक होती का नुसती काटकसर, मला अजून नीट सांगता येत नाही. शाळेत जाताना मी त्या टायरांकडे बघायचो. त्यांना दुकानाचा वास बरेच दिवस होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावात विसर्जन उशिरापर्यंत चालले होते. मी तेव्हा तेरा वर्षांचा. आम्ही बाहेर पळालो, आमच्या भिंतीला तडे गेले, पण घर उभे राहिले. उजाडल्यावर बातमी आली की लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यात सास्तूर, त्या अंगाची गावेच्या गावे बसली. दगडमातीची जाड भिंताडे आणि वर माळवदाचा भार. झोपलेली माणसे उठलीच नाहीत. हजारो गेली. वस्तीतल्या बायकांनी चुली पेटवल्या आणि भाकरी थापायला सुरुवात केली. पुरुषांनी सायकली काढल्या. आमच्या गावापासून सास्तूर सात-आठ कोस.

दादांच्या मागच्या टायरचे धागे दिसायला लागले होते, तेव्हा त्यांनी तीन वर्षे टांगलेले नवे टायर खिळ्यावरून उतरवले. ज्या जागी टायर खिळ्यावर वाकला होता तिथे रबराला आडव्या भेगा पडल्या होत्या. चुलीची धग आणि धूर आणि एकाच जागी पडलेला ताण, रबर तिथे मेले होते. तरी त्यांनी तो चढवला, हवा भरली. अंगणातच टायर उकलला, ट्यूब भेगेतून फोडासारखी बाहेर आली आणि फुटली. कामाची वेळ आली तेव्हा कोरा टायर एक फर्लांगसुद्धा चालला नाही. मग परत जुनाच टायर, फाटक्या जागी आतून गेटर लावून, आणि कॅरिअरवर भाकरीचे गाठोडे. पुढे वाटेत पडलेल्या घरांच्या लाकडांतले खिळे रस्त्यावर विखुरले होते, तिथे पुढचे चाकही गेले. गाठोडे डोक्यावर घेऊन सायकल ढकलत ते पोचले. तिसऱ्या दिवशी परत आले. तिथे काय पाहिले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. फक्त टायरचे म्हणाले, "टांगून ठिवाय नव्हतं पाहिजे."

मुलीला ही गोष्ट मी हिवाळ्यात सांगितली, एकदा आम्ही दोघे तिच्या टायरातला काटा काढत बसलो होतो तेव्हा. कारण पाऊस सरला की सराटे वाळतात. सराट्याचे फळ जमिनीवर कसेही पडले तरी त्याचा एक काटा वर तोंड करून असतो. त्यात शेताला कुंपण घालायला लोक वेडी बाभूळ तोडून बैलगाडीतून नेतात, तिच्या फांद्या वाटभर काटे सांडत जातात. ऑक्टोबरपासून संक्रांतीपर्यंत सायकल दोनदा पंक्चर झाली, आणि या वेळी भोके बाहेरच्या अंगाला, टायरमधूनच. जाड बटणांच्या मधल्या खाचेत रबर पातळच असते, काटा नेमका तिथून शिरतो. शेजाऱ्याचा तो मुद्दा असा निकालात निघाला. चाचांनी एका टाकाऊ टायरच्या कडा कापून त्याचा मधला पट्टा मागच्या टायरात अस्तरासारखा घातला. सायकल थोडी जड झाली, पण काटा थांबला. होळीनंतर तिने तो पट्टा काढून ठेवला. आणि ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून फडके फिरवायचे, म्हणजे मोडून राहिलेले काट्याचे टोक फडक्याला अडकते, नाही तर नवे ठिगळ दुसऱ्या दिवशी फुटते. हे ती आता मैत्रिणींना शिकवते.

वाचक बंधू-भगिनींनो, या मैत्रिणींमुळेच मी हे लिहायला बसलो. राज्यातल्या २३ जिल्ह्यांमधल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ साली ती रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. काही मुलींना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून सायकली मिळतात. असे अर्ज मी कितीतरी भरून दिले. खाते, आधार, बोनाफाइड, सायकल खरेदीची पावती, सगळे जोडले आणि ते प्रकरण माझ्यापुरते मिटले. पावती आली म्हणजे सायकल चालू आहे असे मी धरून चालत होतो. आमच्या सायकलचे प्रकरण झाल्यावर एका रविवारी विहाराच्या अंगणात मुलींना सायकली घेऊन बोलावले. चाचा घमेले घेऊन आले, पैसे घेतले नाहीत, फक्त दोनदा चहा घेतला. बऱ्याच सायकलींच्या रिमपट्ट्या सरकलेल्या किंवा कुजलेल्या निघाल्या. दोन सायकली तर घरी नुसत्या उभ्या होत्या; त्यांच्या आईबापांनी टायर खराब आहे, हजार रुपये लागतील, असे समजून हात टेकले होते. त्यातली एक चालू करायला साठ रुपये लागले. दुसरीचे दोन्ही टायर खरोखरच संपलेले होते, दोरे बाहेर आलेले. तिथे बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तिच्या वडिलांच्या हाताला त्या महिन्यात काम नव्हते.

आता मुलगी नववीत आहे. या ऑगस्टमध्ये, चौदा महिन्यांनी, तिच्या मागच्या टायरची मधली बटणे पार गेली आणि एका जागी कापड दिसू लागले. मागच्या चाकावर अंगाचा आणि दप्तराचा भार जास्त, म्हणून तो आधी जातो. पुढचा अजून चांगला आहे. तिनेच ठरवले की फक्त मागचा बदलायचा, आणि या वेळी मधून सलग, कडेला थोडी नक्षी असलेला घ्यायचा. चाचांबरोबर तालुक्याला जाऊन तिने दुकानात टायर हातात घेतला, कडेचा बारीक आकडा वाचला, मगच पैसे दिले. चारशे तीस रुपये. सांगताना तिने ५५९ वर जरा जोर दिला, तो मला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो तर खिळा रिकामा. सोलापूरहून आणलेली माझी ती सातशे साठची जोडी जागेवर नाही. विचारले तर म्हणाली, विहारात ज्या मुलीच्या टायरचे दोरे निघाले होते तिची सायकल लेडीज, तिला तेच टायर लागतात, एक पूर्णांक तीन अष्टमांशचे. चाचांनी बसवूनही दिले.

"मला विचारायचं नाही का गं?" मी म्हणालो.

"तुम्ही विचारून आणले होते का?" तिची आई आतून म्हणाली.

खिळ्याला आता पंप टांगला आहे.